तयार झालेला हात

बावीस वर्षांच्या संसारात आत्तींनी माझं तोंडावर कौतुक केलेलं मला दोनदाच आठवतं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. पहिल्यांदा, माझी अश्विनी झाली तेव्हा. पोरगी नाकीडोळी नीट आहे म्हणाल्या होत्या. ते कौतुक माझं होतं की पोरीचं, हे मी अजून ठरवलेलं नाही. दुसरं मात्र नक्की माझंच होतं, आणि त्या कौतुकापायी मी माझा उजवा हात जवळजवळ घालवून बसले होते.

आम्ही हुपरीचे. आमच्या गावात घरोघरी चांदीचे पैंजण होतात. आमच्या पुढच्या खोलीत मी आणि आत्ती कामाला बसतो. माझे पती दिलीप, म्हणजे आमच्या बोलीत मालक, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखान्यात शिफ्टला जातात. आम्हा दोघींचं काम कड्या जोडून त्यांना डाग द्यायचं. कडीत कडी अडकवायची, जोडावर बारीक ज्योत धरायची, चांदी जुळली की साखळी पुरती निवायच्या आत बोटांनी सरळ करून बाजूला ठेवायची. प्रत्येक वेळी चिमटा धरत बसलं तर एका दिवसाच्या कामाला दोन दिवस लागतात. त्यामुळे आमच्याकडे नव्या सुनेची बोटं फोडांनी भरलेली असतात, आणि तिला सगळ्याजणी एकच सांगतात, की हात तयार झाला की चटका कळत नाही.

मला वीस वर्षं चटका कळत होता. मी कुणाला बोलले नाही. वाटायचं, सगळ्यांचे हात तयार झाले, माझाच कच्चा राहिला. मग एका दुपारी मी साखळी उचलली, सरळ केली, ठेवली, आणि बोटाला काहीच लागलं नाही. दुसरी उचलली, तरी काही नाही. मी आत्तींना सांगितलं. त्यांनी माझा अंगठा आणि पहिलं बोट चष्म्याजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "झाला बघ हात तयार. येळ लागला, पर झाला."

त्या दिवशी मी इतकी खुशीत होते की रात्रीच्या जेवणाला गोड केलं.

करपल्याचा वास

मान तर कधीपासूनच दुखत होती. पण हुपरीत मान दुखत नाही असा माणूस दाखवा. दिवसभर खाली बघून काम, त्यामुळे मलम आणि शेकायची पिशवी घरात असतेच. उजव्या हातातून मुंग्या यायच्या, त्या मी झटकून टाकायचे.

पुढे ब्लाउजचे हूक लावायला वेळ लागू लागला. डाव हातातून पडायचा. एकदा बाजारातून घरी आले तर एका पायात चप्पलच नव्हती, आणि ती कुठे निसटली ते मला कळलंही नव्हतं. अश्विनी हसून हसून लोळली. मीही हसले. हुकांचा दोष नव्या शिंप्यावर ढकलला, डावाचा चष्म्यावर आणि चपलेचा चपलेवर. स्वतःची समजूत घालण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात करपल्याचा वास आला. मी तव्यावरची भाकरी बघितली, ती चांगली होती. दूध बघितलं. तेवढ्यात अश्विनी दारातून ओरडली, "आई, हात काढ." माझ्या अंगठ्याची बाजू तव्याच्या कडेला टेकलेली होती. किती वेळ टेकलेली होती, देव जाणे. कातडी पांढरी पडली होती आणि मला काही म्हणजे काही दुखत नव्हतं. मी हात नळाखाली धरला. तयार हात असा नसतो, एवढं मला त्या क्षणी समजलं. मी फार घाबरले.

तालमीतले वस्ताद

आत्तींचं मत होतं की शीर आखडली आहे. शिवाजी पेठेत एका तालमीत त्यांच्या माहेरच्या ओळखीचे वस्ताद होते, तेल लावून मान बसवायचे. त्यांनी म्हणे कितीजण बरे केले. डॉक्टर काय, बघताक्षणी सुरी काढतील, असं आत्तींचं म्हणणं. मालक आईपुढे बोलत नाहीत आणि माझ्यापुढेही बोलत नाहीत, त्यामुळे जी आधी बोलेल तिचं खरं होतं. रविवारी आम्ही दोघं बसनं कोल्हापूरला गेलो.

वस्ताद सत्तरीच्या पुढचे होते. तालमीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी आधी चहा मागवला. मग मला त्यांची दोन बोटं घट्ट धरायला सांगितली, आधी डाव्या हातानं, मग उजव्या. मग म्हणाले, त्या फरशीच्या रेषेवरून चालून दाखव. मी चालले तर सरळ रेषेवर पाऊल पडेना. लाज वाटून मी साडी सावरल्यासारखं केलं. त्यांनी तेलाची बाटली उचलून आत ठेवून दिली आणि मालकांना म्हणाले, "पावणं, हिच्या मानंला मी हात लावणार न्हाय. ही आखडल्याली शीर न्हाय. उद्या उजाडलं की डॉक्टरकडं न्या."

मालक म्हणाले, एवढ्या लांबून आलोय, तेल तरी लावून बघा.

"माझ्या हातानं चुकलं तर ही उद्या उठायची न्हाय," वस्ताद म्हणाले. "मला नाव मिळवायचं दिवस गेलं. तुमची बायको तुमच्यासंगं चालत घरी जाऊ दे."

त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मान बसवायला कुणाकडे निघाला असाल तर त्यांच्यासारखा नकार देणारा तुम्हाला मिळो.

पांढरी दोरी

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी टाचणी टोचली, गुडघ्यावर हातोडी मारली, तर माझा पाय असा उडाला की त्यांच्या खुर्चीला लागला. मग एमआरआय. अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्र निघालं, पण जोडवी निघेनात. वीस वर्षं बोटात रुतलेली. शेवटी तिथल्या बाईनं साबण लावून काढली आणि मालकांच्या हातात दिली. त्या नळीत पडल्यावर एवढा ठोकाठोकीचा आवाज होता, तरी माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की ती जोडवी यांनी कुठल्या खिशात ठेवली असतील, आणि ती पुन्हा माझ्या पायात जातील ना.

संध्याकाळी डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. मानेतून खाली एक पांढरी दोरी गेलेली दिसत होती, आणि ती दोन ठिकाणी कुणीतरी चिमटीत धरल्यासारखी दबली होती. मणक्यांमधल्या दोन गाद्या मागे सरकल्यात आणि मुख्य मज्जारज्जूवर दाब आलाय, असं ते म्हणाले. आवाज अगदी शांत. त्या शांत आवाजाचीच मला भीती वाटली.

"बोटं बधिर किती दिवसांपासून आहेत?"

"बधिर न्हाईत," मी म्हणाले. "हात तयार झालाय."

त्यांना कळेना. मग मी चांदीचं काम, चटका, आत्तींचं बोलणं, सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणजे आठ महिने झाले तर, असं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मी बोटावर हिशोब केला, तो बरोबर होता. आठ महिने माझी मान मला सांगत होती आणि मी त्याचं गोडधोड केलं होतं.

ऑपरेशन लवकर करावं लागेल, नाही तर पाय जातील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गळ्याच्या पुढच्या बाजूनं जाऊन गाद्या काढायच्या, तिथे आधार बसवायचा. मी फक्त एक विचारलं, की बोटांना परत कळायला लागेल का. ते म्हणाले, आहे ते वाचवायला आपण ऑपरेशन करतोय, गेलेलं किती येईल ते मी सांगू शकत नाही.

स्टँडपर्यंत चालताना, बसमध्ये, घरी, मला तेवढंच वाक्य ऐकू येत होतं. ज्या बोटांना कडीचा जोड कळत नाही ती बोटं आमच्या घरात काय करणार? भाकरी थापणार की नुसती ताटापर्यंत जाणार? मी बेचाळीस वर्षांची होते.

मधले आठ दिवस

तपासण्या व्हायच्या होत्या, म्हणून आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली. माझ्या आजारपणातले सगळ्यात वाईट दिवस ते आठ. मानेला मऊ पट्टा, वाकायचं नाही, उचलायचं नाही. रोज सकाळी चहाचा स्टीलचा पेला मी आधी डाव्या हातात धरायचे, मग उजव्या अंगठ्यानं शिवून बघायचे. डाव्याला भाजायचं, उजव्याला नाही. हे मी दिवसातून दहादा करायचे आणि दहादा घाबरायचे. करू नका असं सांगून उपयोग नाही, तुम्हीही करणार.

आत्तींनी बोलणंच टाकलं. कामाला माझ्या जागेकडे पाठ करून बसायच्या. मला वाटलं, वस्तादांनी नाही म्हटलं, सून सुरीखाली निघाली, म्हणून राग आहे. एकदा मालक आईला समजवायला गेले आणि त्या एवढंच म्हणाल्या, "तू गप बस." मग मालक गप बसले. मी रागानं त्यांना म्हणाले, की तुम्हाला गप बसायला सांगावं लागतं हेच नवल आहे. त्या माणसानं पाठ फिरवून डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं, पण माफी मागायचं धैर्य झालं नाही. भीती माणसाला कडवट करते, मला तर केलंच.

अश्विनी भाकरी शिकली. पहिल्या दिवशीच्या भाकरीला तिनं भारताचा नकाशा असं नाव दिलं. मी हसले आणि तेवढ्या वेळापुरतं पेल्याचं विसरले.

सही

ऑपरेशनच्या सकाळी संमतीचा कागद आला. त्यात काय काय होऊ शकतं ते लिहिलेलं होतं, आवाज बसण्यापासून ते अगदी शेवटच्या गोष्टीपर्यंत. मी सगळं वाचलं. सही करायला पेन धरलं तर ते बोटांत टिकेना. तिथली सिस्टर चांगली मुलगी होती, ती म्हणाली, मावशी, अंगठा दिला तरी चालतोय.

माझं डोकंच फिरलं. मी दहावी पास आहे, आणि वर्गात अक्षराला पहिली यायचे. मी पेन मुठीत धरलं, लहान मूल धरतं तसं, आणि नाव काढलं. सुरेखा. "सु" वर गेला, "खा" कागदाबाहेर जाता जाता राहिला. पण सही माझी होती. नेताना मालक स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत आले. त्यांनी शर्टाचा खिसा उघडून दाखवला. आत जोडवी होती.

शाहीन भाभी

जाग आली तेव्हा घसा असा दुखत होता की थुंकी गिळता येईना. कुणीतरी म्हणालं, पाय हलवा. हलले. हात दाबा. दाबला. मी उजवा अंगठा बोटावर घासून बघितला. काहीच नाही, जसं होतं तसंच. सगळे म्हणत होते ऑपरेशन छान झालं, आणि मी कॉलरमध्ये ताठ पडून छताकडे बघत रडत होते. रडताना घसा जास्तच दुखतो.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर शाहीन भाभी होत्या, कोल्हापूरच्याच, बांगड्यांचं दुकान होतं त्यांचं. त्यांचं हेच ऑपरेशन माझ्या आधी सहा दिवस झालं होतं. आवाज बसलेला, त्यामुळे त्या कुजबुजत बोलायच्या आणि मलाही मोठ्यानं बोलता येत नव्हतं, म्हणून आम्ही दोघी चोरासारख्या बोलायचो. सकाळी सहाला थर्मामीटर, मग झाडूवाली मावशी, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी. या सगळ्याच्या फटीत त्या मला युक्त्या सांगायच्या. पाणी चमच्यानं प्यायचं. कूस वळताना आधी गुडघे वळवायचे. आणि कॉलरमुळे खालचं ताट दिसत नाही, तर छातीशी छोटा आरसा धरायचा. त्यांनी त्यांचा आरसा मला दिला. त्या आरशात मला ऑपरेशननंतर पहिल्यांदा माझी बोटं नीट दिसली.

मी त्यांना विचारलं, तुमची बोटं आली का परत?

"करंगळी आली, बाकीची येत्यात म्हणे," त्या कुजबुजल्या. "खोटं कशाला बोलू, मला बी रोज भ्या वाटतंय. पर दोघी मिळून भिऊया की."

सगळं ठीक होईल म्हणणारे खूप भेटले. त्यांच्यापेक्षा मला या वाक्यानं झोप लागली.

कॉलरमधून

घरी आल्यावर सहा आठवडे कॉलर. मालक सकाळी शिफ्टला जायच्या आधी माझी वेणी घालायचे. पहिल्या वेण्या बैलाच्या वेसणीसारख्या झाल्या, पण कुणी हसलेलं त्यांना खपायचं नाही. जोडवी त्यांनीच पायात घातली. मी त्या दिवशी माफी मागितली. ते म्हणाले, कशाबद्दल? खरंच आठवत नव्हतं की नाटक करत होते, कोण जाणे.

दुपारी मी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचे. आत्ती समोर काम करायच्या. कॉलरमुळे मान खाली करता येत नाही, त्यामुळे मला समोरची भिंत आणि कॅलेंडर एवढंच दिसायचं. वीस वर्षं मी त्या खोलीत खाली बघून बसले होते, माझ्या कड्या सोडून कुठेही लक्ष नसायचं. आता बघायला काही नव्हतं म्हणून मी ऐकायला लागले. गॅसचा बारीक सूर. कडीची टिकटिक. आणि मग दातांतून ओढलेला श्वास. "स्स." पुन्हा कडी, पुन्हा ज्योत, पुन्हा "स्स."

दोन दिवस मी मोजलं. दर साखळीला एकदा.

तिसऱ्या दिवशी विचारलं, "आत्ती, तुम्हाला चटका बसतोय व्हय?"

गॅस बंद केल्याचा आवाज आला. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, आणि ते बरंच झालं, कारण दिसलं असतं तर त्या बोलल्या नसत्या.

"बसतोय की," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्सं बसतोय."

"मग हात तयार झाला की कळत न्हाय म्हणता ते?"

"माझ्या सासूनं मला सांगितलं. मी तुला सांगितलं. हात तयार हुतो म्हंजे तोंड गप ऱ्हातंय, एवढंच. तू म्हणालीस कळत न्हाय, मला वाटलं ही बी आता माझ्यावाणी दात आवळून करत्या. म्हणून शाबासकी दिली." त्यांचा आवाज फाटला. "तुला खरंच कळत न्हवतं, हे मला कसं कळायचं गं? मी तुझं बोट हातात धरून बघितलं आणि तुला शाबासकी दिली."

इतके दिवस त्यांचा राग माझ्यावर नव्हता. मला उठून त्यांच्याजवळ जायचं होतं, पण कॉलरमधून पटकन उठता येत नाही. मी आरसा छातीशी धरला आणि त्यात त्या दिसल्या. पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मीही रडले. आम्ही सासूसुना एकमेकींसमोर रडल्याचं हे पहिलंच.

आता

याला आता बरेच महिने झाले. चाल सुधारली, सही सरळ येते. पहिल्या बोटाचं टोक अजून झोपलेलं आहे, डॉक्टर म्हणतात ते कदाचित तसंच राहील. हवा बदलली की मान दुखते आणि दर वेळी मला वाटतं, पुन्हा गादी सरकली. ही भीती जाते असं कुणी सांगितलं तर मलाही सांगा. शाहीन भाभींचा आठवड्याला फोन असतो आणि आम्ही आपापल्या बोटांचा हालहवाल सांगतो.

परवा मी पहिल्यांदा पुन्हा कामाला बसले, अर्धा तासच, कामाचा पाट उंच करून, मान सरळ ठेवून. कडी अडकवली. ज्योत धरली. चांदी जुळली. सवयीनं मी साखळी उचलली आणि माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "स्स."

मी अंगठा डोळ्यांसमोर धरला. जोरात झोंबत होता. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नसेल.

आत्तींनी ऐकलं होतं. त्या उठून आल्या. माझा अंगठा त्यांनी पुन्हा चष्म्याजवळ नेला, पण या वेळी शाबासकी दिली नाही. त्यावर फुंकर घातली, माझी साखळी उचलून बाजूला ठेवली आणि माझ्या हातात चिमटा दिला.

"हळूहळू कर," म्हणाल्या. "दोन दिस लागूंदे."

मग आपल्या जागेवर जाऊन त्यांनी दुसरा चिमटा घेतला.